खुर्ची मिळाली, चावी कुठाय?

७ डिसेंबर २०२३. हैदराबादच्या एल. बी. स्टेडियमवर तेलंगणाचं नवं सरकार शपथ घेत होतं. मुख्यमंत्री झाले, उपमुख्यमंत्री झाले, एकेक मंत्री माईकसमोर येऊन कागद वाचून जात होता. लोक टाळ्या पिटत होते, जशा पिटायच्या असतात तशा. मग दनसरी अनसूया हे नाव पुकारलं गेलं आणि अख्खं स्टेडियम उसळलं. शिट्ट्या, आरोळ्या, थांबायचं नाव नाही. शपथ घ्यायला आलेली कोया आदिवासी बाई थोडा वेळ नुसतीच उभी राहिली.

अनसूया हे कागदावरचं नाव. लोकांचं नाव सीताक्का. हे नाव बारशातलं नाही, शाळेच्या दाखल्यातलं नाही. ते जंगलातलं नाव आहे. दलममधलं. खांद्यावर बंदूक होती तेव्हाचं. बंदूक तिनं १९९७ साली खाली ठेवली. नाव मात्र टाकलं नाही.

अक्का म्हणजे थोरली बहीण. तेलुगूत तसंच आपल्याकडेही. म्हणून या पानावर आम्ही तिला 'ती'च म्हणणार. घरच्या माणसाला आपण अहोजाहो करत नाही. आणि घरच्या माणसाचा हिशेब मागायचा हक्क पण आपलाच असतो.

त्या दिवशी दोन प्रकारची माणसं बोलली. एक पेपरवाली. 'नक्षलवादी ते मंत्री' असा मथळा टाकून त्यांनी परीकथा छापली. लोकशाही किती थोर, एका बंदूकवाल्या बाईला पण तिनं पोटाशी घेतलं, असा सूर. सफेदपोश वाचकाच्या डोळ्यांत पाणी, हातात चहाचा कप. दुसरी आपलीच माणसं. आमच्या एका बैठकीत सीताक्काचा विषय निघाला, तर एक पोरगा ताडकन म्हणाला, "खुर्चीवर बसली ना? मग खल्लास. विकली गेली." बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहा तिथंही होता.

दोन्ही भंकस आहे. पेपरवाल्याला खुर्ची दिसली की डोळे दिपतात. आपल्या पोराला खुर्ची दिसली की शिवी सुचते. खुर्चीखाली वाकून तिचे पाय कुणी मोजले नाहीत. हा अग्रलेख त्या मोजणीसाठी आहे.

आधी माणूस बघू. मुलुगूजवळचं जग्गन्नपेट गाव, १९७१ चा जन्म. शाळकरी वयात, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, ती जंगलात गेली. जनशक्ती या नक्षलवादी गटात कमांडर झाली. आज ज्यांना माओवादी म्हणतात तो पक्ष २००४ साली उभा राहिला. त्याच्या सात वर्षं आधीच ती बाहेर पडली होती. जवळपास दशकभराच्या भूमिगत आयुष्यातून परत येणं म्हणजे काय, हे पुनर्वसनाच्या सरकारी पत्रकात लिहिलेलं नसतं. पोलीस संशयानं बघतात, जुने साथी पण संशयानं बघतात, आणि गावाला कळत नाही हिच्याशी बोलावं की नाही.

तिनं काय केलं? शिकायला बसली. कायद्याची पदवी घेतली आणि वरंगलच्या कोर्टात वकिली केली. ज्या कायद्याच्या नावानं तिला जंगलात शोधत होते, त्याच कायद्याचा काळा कोट घातला. मग राजकारण. २००४ साली तेलुगू देसमच्या तिकिटावर मुलुगूतून उभी राहिली, हरली. २००९ साली जिंकली. २०१४ साली पुन्हा हरली. २०१७ साली काँग्रेसमध्ये गेली, २०१८ साली जिंकली, २०२३ साली परत जिंकली, ३३ हजारांहून जास्त मतांनी. या शेवटच्या निवडणुकीत तिच्यासमोर कोण होतं बघा. बडे नागज्योती. चकमकीत मारल्या गेलेल्या एका नक्षलवाद्याची मुलगी. म्हणजे मुलुगूच्या मतपत्रिकेवर एका बाजूला जंगलातून आलेली बाई, दुसऱ्या बाजूला जंगलात बाप गमावलेली पोर. त्या भागात गेली पन्नास वर्षं काय चाललंय, हे समजायला वेगळा ग्रंथ नको.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोठमोठे पुढारी घराच्या गॅलरीत थाळ्या बडवत होते. ही बाई तांदूळ, डाळ, भाजी घेऊन पायी वाड्यावाड्यांवर जात होती. ओढे ओलांडून, चिखल तुडवून. तिला ते रस्ते माहीत होते. जुने पायाखालचे रस्ते. फक्त पाठीवरचं ओझं बदललं होतं. हे आम्ही कमी लेखत नाही. कमी लेखणाऱ्यानं आधी दहा किलो तांदूळ पाठीवर घेऊन पाच मैल चालून दाखवावं.

आणि २०२२ साली उस्मानिया विद्यापीठानं तिला राज्यशास्त्रातली पीएच.डी. दिली. विषय होता गोत्ती कोया. इथं जरा थांबा, कारण आपल्या सवालाची गाठ इथं आहे.

गोत्ती कोया कोण? २००५ साली छत्तीसगडमध्ये सलवा जुडूम सुरू झालं. सरकारनं आदिवासी पोरांच्या हातात बंदुका दिल्या आणि आदिवासी गावांवरच सोडलं. गावंच्या गावं उठली. बस्तरातून हजारो माणसं सीमा ओलांडून तेव्हाच्या आंध्रात, वरंगल आणि खम्ममच्या जंगलात येऊन राहिली. सुप्रीम कोर्टानं ५ जुलै २०११ रोजी हा सगळा प्रकार घटनाविरोधी ठरवला. पण तोवर गावं जळून गेली होती. पळून आलेल्यांनी जंगलात झोपड्या घातल्या, तुकडा तुकडा जमीन फोडली. तेलंगणानं त्यांना अनुसूचित जमात म्हणून मानलं नाही. सीमेच्या तिकडे आदिवासी, सीमेच्या इकडे घुसखोर. दाखला नाही म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा नाही. दावा नाही म्हणून जमीन नाही. जमीन नाही म्हणून कधीही उठवा.

आणि उठवलं. २०१७ च्या सप्टेंबरात ताडवाईच्या जंगलातल्या जलगलंचा वस्तीत वनखात्याची माणसं शिरली आणि झोपड्या पाडल्या. प्रकरण हायकोर्टात गेलं. हे वाचताना तुम्हाला काही आठवत असेल. महापालिकेची गाडी, बुलडोझर, पोलीस, भांडी रस्त्यावर, आणि पुराव्याचा कागद शोधणारी आई. फक्त इथं गटार असतं, तिथं झाडं.

त्या गोत्ती कोयांवर सीताक्कानं प्रबंध लिहिला. म्हणजे तिला त्यांचं दुःख ऐकीव नाही. झोपडीतलं माहीत, आकड्यातलं माहीत, कायद्यातलं माहीत. मग पुढच्याच वर्षी ती मंत्री झाली. आता तुम्ही म्हणाल, झालं की. अभ्यास तिचा, मंत्रिपद तिचं, एक सही मारायची आणि गोत्ती कोयांना दाखले द्यायचे. सोपं आहे.

सोपं नाही. कारण सही तिची चालत नाही.

तिला खाती कोणती मिळाली ते बघा. पंचायत राज. ग्रामविकास. महिला व बालकल्याण. वाईट नाहीत. पण आदिवासीचं आयुष्य ज्या तीन कुलपांमागे बंद आहे ती कुलपं कोणती? जंगल, पोलीस आणि आदिवासी कल्याण. वनखातं २०२३ मध्ये गेलं कोंडा सुरेखांकडे. गृहखातं मुख्यमंत्री रेवंत रेड्डींनी स्वतःकडे ठेवलं. आदिवासी कल्याणही आधी मुख्यमंत्र्यांकडेच राहिलं आणि जून २०२५ मध्ये दुसऱ्या मंत्र्याकडे गेलं. आदिवासी बाई मंत्री झाली म्हणून देशभर ढोल वाजले, आणि आदिवासींच्या तिन्ही कुलपांच्या चाव्या दुसऱ्यांच्या खिशात. नव्या सचिवालयाला नाव मात्र डॉ. आंबेडकरांचं. आधीच्या सरकारनं ३० एप्रिल २०२३ रोजी त्याचं उद्घाटन केलं. दारावर बाबासाहेब, आत खुर्ची, खुर्चीत अक्का. चावी कुठाय?

ही चलाखी आजची नाही. बाबासाहेबांनी ती सत्तर वर्षांपूर्वी उघडी केलीय, पण आपण वाचत नाही, नुसत्या जयंत्या करतो. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलासाठी, असं आपण पाठ केलंय. ते खरंच. पण त्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी आणखी काय मांडलं? की मला कायदा खातं दिलं, आणि ते म्हणजे साबणाचं रिकामं खोकं. म्हाताऱ्या वकिलांना खेळायला बरं. मला नियोजनाचं खातं हवं होतं, ते दिलं नाही. महत्त्वाच्या समित्यांवर घेतलं नाही. अनुसूचित जातींची उपेक्षा चालू राहिली. घटना लिहिणाऱ्या माणसाला रिकामं खोकं! मग जंगलातून आलेल्या बाईला काय सोन्याचं देणार होते?

नीट समजून घ्या. बाबासाहेब खुर्चीच्या विरोधात नव्हते. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा चावी हातात होती आणि ती त्यांनी फिरवली. कामगारांच्या आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न, खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या सवलती, कामगारांची अधिकाऱ्यांशी आणि मालकांशी एका टेबलावर चर्चा, ही त्या काळातली कामं. १९४७ मध्ये ते पुन्हा खुर्चीवर बसले. चावी मिळत नाही म्हटल्यावर १९५१ मध्ये उठले. बसले तेव्हा लाजले नाहीत, उठले तेव्हा रडले नाहीत. खुर्ची मोजायचा हा माप आपल्या घरात आहे. तो सोडून आपण कधी पेपरवाल्याची फूटपट्टी घेतो, कधी जंगलातल्या पत्रकाची.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. १ डिसेंबर २०२४. मुलुगू जिल्हा, एटूरनागारम तालुका, चलपाकाचं जंगल. पोलीस म्हणाले चकमक झाली, सात माओवादी मारले. नागरी हक्कवाले म्हणाले चकमक नव्हतीच, आधी अन्नातून गुंगी आणणारं विष दिलं आणि मग गोळ्या घातल्या. पोलिसांनी आरोप फेटाळला. एका मृताची बायको हायकोर्टात गेली. खरं काय ते कोर्टानं ठरवावं. आम्ही इथं फक्त एक गोष्ट नोंदवतो. चलपाका सीताक्काच्या मतदारसंघात येतं. ज्या जंगलात एके काळी तिच्यामागे पोलीस होते, त्याच जंगलात सात मृतदेह पडले, आणि त्या दिवशी ती त्या पोलिसांच्या सरकारात मंत्री होती.

त्या रात्री तिच्या मनात काय चाललं असेल? तो तिचा आणि तिच्या झोपेचा मामला आहे. त्यावर अटकळी बांधणं हे सिनेमावाल्यांचं काम. आपला सवाल राजकीय आहे. पोलीस खातं तिच्याकडे नाही, ही सबब खरी आहे. पण मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते, हे पण घटनेतच लिहिलंय. खातं माझं नाही म्हणून गोळी माझी नाही, हे वाक्य कुठल्याही मंत्र्याच्या तोंडी शोभत नाही. जिचं नाव दलममध्ये ठेवलं गेलं तिच्या तोंडी तर नाहीच. चावी न देता खुर्ची देण्यामागची खरी गोम हीच. अधिकार मिळत नाही, पण जबाबदारीत वाटा पुरेपूर मिळतो. सरकार म्हणू शकतं, बघा, आमच्यात सीताक्का आहे. तिचा भूतकाळ सरकारच्या अंगावरची झूल होतो.

आणि जिथं चावी तिच्या हातात होती तिथला हिशेब? तोही मांडू. पंचायत राज खातं तिचं. तेलंगणातल्या सरपंचांची मुदत ३१ जानेवारी २०२४ ला संपली. निवडणुका झाल्या ११, १४ आणि १७ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे जवळपास दोन वर्षं गावांना निवडलेला सरपंच नव्हता. सरकारी अधिकारी गावं चालवत होते. कारण होतं. सरकारला मागासवर्गीयांना ४२ टक्के आरक्षण द्यायचं होतं. जातींची पाहणी झाली, विधेयकं झाली, ती दिल्लीत अडकली, मग सरकारी आदेश काढला, त्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये हायकोर्टानं स्थगिती दिली. मागासवर्गीयांच्या वाट्यासाठी भांडणं आम्हाला मान्यच आहे, त्याला विरोध करणारे कोण असतात ते आम्ही ओळखतो. पण शेवटी निवडणुका जुन्याच पन्नास टक्क्यांच्या मर्यादेत झाल्या. वाटा मिळाला नाही, आणि दोन वर्षं गाव साहेबाच्या ताब्यात गेलं. जंगलात असताना जो साहेब शत्रू होता, तोच साहेब पंचायतीच्या खुर्चीवर बसला, आणि खातं अक्काचं होतं. हे आम्ही तिला सांगणार नाही तर कोण सांगणार?

सीताक्का काही पहिली नाही. जगभर बंदूकवाले मंत्री झाले. दक्षिण आफ्रिकेतला जो मोडिसे घ्या. जोहान्सबर्गचा ट्रक ड्रायव्हर, १९६५ पासून मुक्तिसेनेचा सेनापती. १९९४ मध्ये मंडेलांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाला. म्हणजे त्याला चावी मिळाली, खरीखुरी, तिजोरीची. त्याच्या कारकिर्दीत लढाऊ विमानं, युद्धनौका आणि पाणबुड्यांची सुमारे तीस अब्ज रँडची खरेदी ठरली आणि १९९९ मध्ये करार झाले. विमानांच्या निवडीत किंमत बाजूला ठेवून बघा, असा त्याचा आग्रह पुढे चौकशांमध्ये गाजला. त्या खरेदीची घाण नव्या लोकशाहीला वर्षानुवर्षं पुरली. झोपडपट्टीत नळ नाही आणि पाणबुडी आली. म्हणजे नुसती चावी मिळून भागत नाही. चावीवर नजर ठेवणारी माणसं लागतात.

उरुग्वेचा होसे मुहिका दुसऱ्या टोकाचा. टुपामारो गनिमी, अंगावर सहा गोळ्या, तेरा-चौदा वर्षं तुरुंग, त्यातला बराच काळ एकांतकोठडी. २००५ मध्ये शेतीमंत्री, २०१० ते २०१५ राष्ट्राध्यक्ष. पगारातला मोठा हिस्सा वाटून टाकायचा आणि जुन्या फोक्सवॅगनमधून फिरायचा. मे २०२५ मध्ये गेला. माणूस निर्मळ, वाद नाही. पण ज्या पुंता कार्रेतास तुरुंगातून १९७१ मध्ये तो आणि शंभरावर साथी भुयार खणून पळाले, त्या तुरुंगाचं १९९४ मध्ये शॉपिंग सेंटर झालं. आणि तो राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हाही ते शॉपिंग सेंटरच होतं. माणूस बदलत नाही तरी बाजार बदलतो. एकट्या माणसाच्या साधेपणानं व्यवस्था लाजत नाही. ती त्याचा फोटो भिंतीला लावते आणि दुकान चालू ठेवते.

मग काय, खुर्ची नकोच? बंदूकच बरी? थांबा. तिकडचं पण बघू, डोळे उघडे ठेवून.

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल, म्हणजे भूपती, साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं टाकून उभा राहिला. त्याआधी मे महिन्यात पक्षाचा सरचिटणीस बसवराजू अबूझमाडमध्ये मारला गेला होता. नोव्हेंबरमध्ये हिडमा मारला गेला. ३१ मार्च २०२६ ही तारीख केंद्रीय गृहमंत्र्यांनी आधीच जाहीर करून ठेवली होती, माणसं संपवण्याची तारीख, जशी सेलची तारीख जाहीर करतात तशी. चाळीस-पन्नास वर्षांच्या सशस्त्र लढ्यातून हाती काय उरलं? नेते बहुतेक वरचे, मेले ते बहुतेक आदिवासी. बंदूक आदिवासींच्या नावानं चालली, पण आदिवासीला विचारून किती वेळा चालली? खबऱ्या ठरवून मारलेली गावातली पोरं कुणाची होती? हे सवाल आम्ही विचारले की आम्हाला सरकारचे दलाल म्हणतात. म्हणू देत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत रक्तरंजित मार्ग सोडा म्हणून बजावलं, आणि त्याच भाषणात, सामाजिक-आर्थिक विषमता मोडली नाही तर हा लोकशाहीचा मनोरा उडेल असंही बजावलं. सरकार पहिलं वाक्य भिंतीवर लावतं, बंदूकवाले दुसरं. दोन्ही एकाच भाषणातली आहेत, हे विसरून चालणार नाही.

आता जे खाली येतायत त्यांना कुठलं दार उघडं आहे? छत्तीसगडमध्ये शरण आलेल्या पोरांना जिल्हा राखीव दलात घेतात, पुन्हा बंदूक देतात, पुन्हा त्याच जंगलात पाठवतात. आधी एका बाजूनं, आता दुसऱ्या. मरायचं काम तेच. गडचिरोलीत एटापल्लीच्या सूरजागड डोंगरातून ट्रकच्या ट्रक लोखंडाची माती निघतेय. सीताक्काला १९९७ साली पुस्तकाचं, कोर्टाचं, मतपेटीचं दार मिळालं. तिनं ते ढकलून उघडलं. आज शरण आलेल्या प्रत्येक पोरीला ते दार कुठाय? एका सीताक्काचा फोटो दाखवून हजारोंना शिपाई करायचं, ही व्यवस्थेची शाळा.

मग खरी चावी कुठंय? आमचं म्हणणं सरळ आहे. ती बंदुकीत नव्हती आणि मंत्र्याच्या खिशातही नाही. ती ग्रामसभेत आहे. वस्तीत आहे. १९९६ चा पेसा कायदा म्हणतो, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभा ही मूळ सत्ता. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, दावा ग्रामसभेत सुरू होतो. गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यात लेखा-मेंढा नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. २००९ मध्ये त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला. तरी वनखातं बांबू विकू देईना. वाहतुकीचा परवाना आम्हीच देणार म्हणे. गाव हटलं नाही. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यालाच त्या गावात यावं लागलं आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात ठेवावं लागलं. एक गोळी नाही, एक आमदार नाही. चावी गावानं हिसकून घेतली. मंत्र्याचं काम फक्त ती चावी हातात ठेवण्याचं होतं.

तेलंगणातही हेच दिसलं. ३० मे २०२५ रोजी वनखात्यानं आदेश क्रमांक ४९ काढला. कुमरम भीम जिल्ह्यातलं दीड लाख हेक्टरच्या आसपासचं जंगल वाघांसाठी राखीव. ज्या कुमरम भीमनं पाणी, जंगल, जमिनीसाठी निजामाशी लढता लढता १९४० मध्ये जीव दिला, त्याच्याच नावाचं राखीव क्षेत्र करून त्याच्याच माणसांना धास्ती. आदिवासी रस्त्यावर आले, बंद झाला. २१ जुलै २०२५ ला सरकारनं आदेश थांबवला. खुर्ची आपणहून हलत नाही. रस्त्यावरून ढकलली की हलते. आणि आत एखादी अक्का बसलेली असेल तर थोडी लवकर हलते, इतकंच. पण ते 'इतकंच' सुद्धा काही फुकटचं नाही.

म्हणून दोस्तांनो, सीताक्काला आम्ही गद्दार म्हणणार नाही. हारही घालणार नाही. आम्ही तिच्याकडे मागणार. गोत्ती कोयांवर तू प्रबंध लिहिलास, आता त्यांच्या दाखल्याचा विषय मंत्रिमंडळाच्या टेबलावर आण. होऊ दे नकार, पण नकार कुणी दिला ते नावानिशी कळू दे. पंचायत खातं तुझं आहे, तर पेसाच्या ग्रामसभेला नुसता ठरावाचा कागद नको, जंगलाच्या पैशाची किल्ली दे. चलपाकाच्या सात मृत्यूंची न्यायालयीन चौकशी सरकारात बसून माग. आणि हे तिन्ही जमत नसेल, खोकं रिकामंच निघालं, तर १९५१ आठव. राजीनामा ही पण एक सही असते, आणि ती सही तुझीच चालते.

राहता राहिला आपला हिशेब. सीताक्कावर तावातावानं बोलणं सोपं, ती मुलुगूला आहे. आपल्या गल्लीतलं काय? १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली, १९७४ मध्ये फुटली. आंबेडकर की मार्क्स यावर आपण डोकी फोडली आणि प्रस्थापितांनी तेवढ्यात आपल्यातले एकेक मोजून घेतले. कुणाला महामंडळ, कुणाला परिषद, कुणाला लाल दिवा. प्रत्येक वेळी आपण दोनच गोष्टी केल्या. आधी मिरवणूक काढली, नंतर पुतळा जाळला. खातं कुठलं, अधिकार कुठला, सहा महिन्यांत काय केलं, हे कुणी विचारलं? वस्तीत सभा घेऊन समोर उभं करून विचारलं? १९३२ च्या पुणे करारानं राखीव जागेचं तिकीट दुसऱ्याच्या पक्षाच्या हातात गेलं. कांशीरामांनी त्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहून त्याला चमचायुग म्हटलं. बरोबर. पण चमचा होतो तो भांड्यात एकटा पडला की. त्याच्यामागे वस्ती उभी असेल, हिशेब मागणारी, तर तोच चमचा पळी होऊ शकतो, वाढायच्या कामाचा.

तेव्हा उद्या आपल्यातला कुणी खुर्चीवर बसला, बसणारच आहे, तर चार सवाल तयार ठेवा. खातं कोणतं? सही चालते का? वस्तीत येऊन हिशेब देतो का? आणि उठायची तयारी आहे का? चारांपैकी तीन सवालांना तो उत्तर देईल. दुसरा सवाल त्याला सरकारनं दिलेल्या चावीचा आहे, चौथा त्याच्या कण्याचा. पण तिसरा सवाल त्याचा नाही, आपला आहे. वस्तीत सभाच नसेल, तर तो येणार कुठं?

सभा घ्या. रविवारपासून घ्या. सतरंजी आमच्याकडे आहे.

जय भीम.

— संपादक